ऑप्टिकल फायबरने गॅमा किरण कसे मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इन्स्ट्रुमेंटेशनचे आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, रेडिओथेरपी विभागात काम करणारी मंडळी, टेलिकॉमच्या फायबरमध्येच दिवस घालवणारे तंत्रज्ञ या सगळ्यांकडून या विषयावर जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो: ‘फायबर सेन्सर’ नावाचं एकच उपकरण नसतं. त्या नावाखाली तीन-चार निरनिराळ्या भौतिक परिणामांवर चालणाऱ्या पद्धती येतात. डोस (म्हणजे किरणांची पदार्थात जमा होणारी ऊर्जा) किती असेल, तो किती वेळात मिळेल आणि कुठे मोजायचा आहे, हे ठरल्याशिवाय फायबर निवडायला जाऊ नका. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरणार आहेत.

फायबरने गॅमा किरण मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

शेवटी मोजला जातो तो प्रकाशच. एका पद्धतीत आपण फायबरच्या एका टोकाने प्रकाश सोडतो आणि दुसऱ्या टोकाला तो किती कमी झाला ते पाहतो, कारण गॅमा किरणांनी काच गढूळ होते. दुसऱ्या पद्धतीत बाहेरून प्रकाश सोडावाच लागत नाही. गॅमा किरणांमुळे सिंटिलेटरमध्ये, म्हणजे किरण पडले की चमकणाऱ्या पदार्थात, स्वतःचा प्रकाश तयार होतो आणि फायबर तो फक्त वाहून आणतो. तिसऱ्या पद्धतीत टोकाला बसवलेला छोटा क्रिस्टल डोस साठवून ठेवतो आणि लेझर मारला की तेवढ्या प्रमाणात चमकतो.

पहिली पद्धत मोठ्या डोससाठी आणि लांब अंतरासाठी चांगली. दुसरी कमी डोस रेटसाठी आणि झटपट रिडिंगसाठी. तिसरी इवल्याशा जागेत नेमका डोस हवा असेल तेव्हा. बाजारातल्या माहितीपत्रकांत या तिन्ही गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

गॅमा किरणांनी काच गढूळ का होते?

गॅमा फोटॉन काचेतून जाताना बहुतेक वेळा कॉम्प्टन प्रक्रियेने एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देतो. तो वेगवान इलेक्ट्रॉन वाटेत आणखी हजारो इलेक्ट्रॉन मोकळे करतो. यातले बरेचसे परत आपापल्या जागी जातात. पण काचेच्या जाळ्यात जिथे दोष आहेत किंवा मुद्दाम घातलेले परके अणू आहेत, तिथे काही इलेक्ट्रॉन किंवा त्यांच्या मागे उरलेल्या रिकाम्या जागा अडकून बसतात. अशा अडकलेल्या ठिकाणाला रंगकेंद्र म्हणतात, कारण ते ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतं.

शुद्ध सिलिकात एक प्रसिद्ध रंगकेंद्र २१५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे खोल अतिनीलमध्ये शोषण करतं. दुसऱ्या एकाचा पट्टा तांबड्या प्रकाशात, ६२० नॅनोमीटरच्या आसपास असतो. फॉस्फरस घातलेल्या काचेत आणखी काही केंद्रं तयार होतात. त्यातलं एक १५५० नॅनोमीटरजवळच्या अवरक्त पट्ट्यात शोषण करतं, आणि टेलिकॉमचे लेझर आणि डिटेक्टर नेमके याच तरंगलांबीचे स्वस्तात मिळतात. या क्षेत्राचं नशीब बऱ्याच अंशी या एका योगायोगावर उभं आहे.

मग साधा टेलिकॉमचा फायबर सेन्सर म्हणून चालेल का?

चालत नाही. चाललाच तर फसवतो.

साध्या सिंगल-मोड फायबरच्या गाभ्यात जर्मेनियम असतं. किरणोत्सर्गात त्याचाही लॉस (वाटेत होणारी प्रकाशाची घट) वाढतो, पण ती वाढ डोस किती वेगाने दिला यावर अवलंबून राहते आणि स्रोत काढून घेतला की पुढच्या काही तासांत-दिवसांत बरीचशी भरून येते. समजा, १०० ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) डोस एका तासात दिला आणि तेवढाच डोस एका महिन्यात दिला, तर लॉसचे आकडे वेगवेगळे येतील. अशा आकड्यावरून डोस काढायचा म्हणजे उत्तर आधीच माहीत असायला हवं.

फॉस्फरसयुक्त फायबर इथे वेगळा वागतो. १५५० नॅनोमीटरला त्याचा लॉस डोसच्या जवळजवळ सरळ प्रमाणात वाढतो, सुमारे ५०० ग्रेपर्यंत. डोस रेटचा त्यावर फारसा परिणाम होत नाही, आणि नेहमीच्या तापमानांत तो भरूनही येत नाही. डोसिमीटरला हव्या त्या तिन्ही गोष्टी एकाच काचेत मिळतात. पुढे मात्र तो संतृप्त होत जातो, त्यामुळे हजारो ग्रेच्या कामाला त्याचा सरळ रेषेचा भाग पुरत नाही.

याउलट ज्यांना किरणोत्सर्गी जागेतून फक्त डेटा न्यायचा आहे, ते शुद्ध सिलिकाच्या गाभ्याचा किंवा फ्लुओरीन घातलेला फायबर घेतात, कारण तो कमीत कमी गढूळ होतो. म्हणजे सेन्सर करायला नाजूक काच आणि सेन्सरपर्यंत पोचायला चिवट काच. दोन्ही एकाच केबलमध्ये स्प्लाइस करून (टोकं वितळवून जोडून) वापरायच्या असतात आणि स्प्लाइस नेमका कुठे आहे हे लिहून ठेवायचं असतं.

आकड्यांत सांगा. १ ग्रेला किती फरक पडतो?

फॉस्फरसयुक्त फायबरसाठी १५५० नॅनोमीटरला सर्वसाधारणपणे घेतला जाणारा आकडा असा: दर ग्रेला दर किलोमीटरमागे सुमारे ४ डीबी (डीबी म्हणजे प्रकाश किती पटीने घटला याचं माप; १० डीबी म्हणजे दहावा हिस्सा उरला). प्रत्येक उत्पादकाच्या फायबरला तो थोडा वेगळा येतो, म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या डोसशी ताडून पाहणं, टाळता येत नाही. पण हिशोबाला हा आकडा पुरतो.

१०० मीटर फायबरचं वेटोळं घ्या. १ ग्रे डोस मिळाला तर लॉस ०.४ डीबीने वाढेल. चांगला स्थिर प्रकाशस्रोत आणि पॉवर मीटर असेल तर ०.०१ डीबीचा बदल विश्वासाने पकडता येतो. म्हणजे या वेटोळ्याने सुमारे २५ मिलिग्रेपर्यंत खाली जाता येईल. लांबी १ किलोमीटर केली तर कागदावर अडीच मिलिग्रे. प्रत्यक्षात तिथे लेझरची पॉवर हलणं, कनेक्टरवरची धूळ, वेटोळ्यावरचा ताण हे सगळं त्याच ०.०१ डीबीत मिसळतं. म्हणून एक संदर्भ वाहिनी ठेवतात: त्याच लेझरचा काही भाग किरणोत्सर्गापासून दूर ठेवलेल्या दुसऱ्या फायबरमधून न्यायचा आणि दोन्हींचं गुणोत्तर पाहायचं. ही एवढी एक गोष्ट केली तरी निम्मी डोकेदुखी जाते.

दृश्य प्रकाशात हाच फायबर कित्येक पट जास्त संवेदनशील असतो. पण तिथली रंगकेंद्रं तेवढी स्थिर नसतात. संवेदनशीलता आणि स्थैर्य यांतलं एक थोडं सोडावं लागतं.

मग घराभोवतीचा, गावातला नैसर्गिक किरणोत्सर्ग फायबरने मोजता येईल का?

गढूळ होणाऱ्या, म्हणजे काळ्या पडणाऱ्या फायबरने नाही. माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट डोस मिळतो (सिव्हर्ट हे शरीरावरच्या परिणामाचं एकक; गॅमासाठी ते ग्रेइतकंच धरता येतं). त्यातलाही मोठा वाटा श्वासातून जाणाऱ्या रेडॉनचा असतो, बाहेरून येणाऱ्या गॅमाचा नव्हे. समजा, गॅमाचा डोस वर्षाला १ मिलिग्रे धरला, तर १ किलोमीटर फायबरमध्ये वर्षभरात ०.००४ डीबी फरक पडेल. दार आपटल्याने कनेक्टर हलला तरी याहून जास्त फरक पडतो.

तारापूरच्या परिसरात राहणारे लोक हा प्रश्न विशेष करून विचारतात आणि तो विचारणं अगदी रास्त आहे. १९६९पासून तिथे अणुवीज केंद्र चालू आहे. पण परिसरातल्या देखरेखीसाठी योग्य साधनं वेगळी आहेत. भाभा अणु संशोधन केंद्राचं देशभर पसरलेलं पर्यावरणीय किरणोत्सर्ग देखरेख जाळं गायगर-म्युलर नळ्यांवर (किरण आला की विजेचा ठोका देणाऱ्या, वायू भरलेल्या नळ्यांवर) चालतं. तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या पातळीवर नळी किंवा मोठा सिंटिलेटर जे काम करतो, ते काळ्या पडणाऱ्या फायबरकडून होणार नाही. कुणी तसं सांगून विकत असेल तर त्याला वरचा हिशोब दाखवा.

किरणोत्सर्ग फायबरच्या कुठल्या भागावर पडला हे कळतं का?

कळतं, आणि माझ्या मते फायबरची खरी ताकद इथेच आहे. त्यासाठी ओटीडीआर वापरतात, म्हणजे टेलिकॉमवाले तुटलेली केबल शोधायला वापरतात तेच यंत्र. ते फायबरमध्ये प्रकाशाचा छोटा ठोका सोडतं. काचेतल्या सूक्ष्म विषमतेमुळे प्रत्येक ठिकाणाहून थोडा प्रकाश मागे परततो. डोंगरात हाक मारून प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून कडा किती लांब ते ओळखावं, तसं परत येणाऱ्या प्रकाशाच्या वेळेवरून यंत्र जागा सांगतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊनचा हिशोब धरला तर १० नॅनोसेकंदांचा ठोका म्हणजे १ मीटर.

स्क्रीनवर एक उतरती रेघ दिसते. उतार म्हणजे लॉस. सेन्सर म्हणून वापरायच्या फायबरची किरणोत्सर्गाआधीची रेघ आधी साठवून ठेवायची. नंतरची रेघ तिच्यावर ठेवली की डोस मिळालेल्या टप्प्यात उतार तीव्र झालेला दिसतो, पुढे तो पुन्हा पहिल्यासारखा होतो, पण तिथून पुढची रेघ खाली सरकलेली असते. उतारातला फरक भागिले संवेदनशीलता, म्हणजे त्या मीटरचा डोस.

मर्यादाही हिशोबातच दिसते. एका मीटरला दर ग्रेमागे फक्त ०.००४ डीबी मिळतात. यंत्राचा गोंगाट ०.०२ डीबी असेल, तर मीटर-मीटरचा नकाशा काढताना ५ ग्रेच्या खाली काही दिसत नाही. दहा मीटरची सरासरी घेतली तर खाली जाता येतं, पण जागेचा नेमकेपणा जातो. दुसऱ्या बाजूने, डोस फार झाला की पहिल्याच गढूळ टप्प्यात सगळा प्रकाश संपतो आणि पलीकडचं काहीच दिसत नाही. तेव्हा फायबरच्या दुसऱ्या टोकाने मोजायची सोय ठेवावी.

हे कुठे प्रत्यक्ष वापरात आहे?

जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये. तिथल्या त्वरकांच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांच्या) बोगद्यांत काही ठिकाणी कणांची शलाका थोडी-थोडी गळते आणि आजूबाजूच्या केबल, चुंबक, इलेक्ट्रॉनिक्स यांना डोस मिळत राहतो. कुठल्या मीटरला किती, हे शेकडो सुटे डोसिमीटर लावून कळतं, पण ते काढून आणून वाचावे लागतात. सर्नने फॉस्फरसयुक्त फायबर बोगद्यात टाकला आणि ओटीडीआर बाहेर ठेवला. सुरुवातीच्या बसवणुकींपैकी एक प्रोटॉन सिंक्रोट्रॉन बूस्टरमध्ये होती, ज्याचा घेर १५७ मीटर आहे. यंत्र चालू असताना, आत माणूस न पाठवता, मीटरागणिक डोसचा नकाशा मिळू लागला.

एक खुलासा: तिथे नुसते गॅमा नसतात, न्यूट्रॉन आणि इतर कणही असतात. फायबर काचेत जमा झालेला डोस सांगतो. तो कुणी दिला हे सांगत नाही.

अवकाशातलं उदाहरणही आहे. २०२१मध्ये फ्रेंच अंतराळवीर तोमा पेस्के यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ‘लुमिना’ नावाचा प्रयोग बसवला. त्यात फॉस्फरसयुक्त फायबरची किलोमीटर मापाची वेटोळी आहेत. तिथला डोस रेट त्वरकाच्या मानाने फारच कमी, म्हणून एवढी लांबी.

सिंटिलेटिंग फायबर म्हणजे काय वेगळं?

हा प्लॅस्टिकचा असतो. गाभा पॉलिस्टायरीनचा, त्यात चमकणारी रसायनं मिसळलेली. बाहेर ॲक्रिलिकचं पातळ वेष्टन. गॅमाने सोडलेला इलेक्ट्रॉन गाभ्यातून गेला की काही नॅनोसेकंदांत निळा किंवा हिरवा प्रकाश निघतो. बीसीएफ-१२ हा नेहमी दिसणारा प्रकार ४३५ नॅनोमीटरला, म्हणजे निळ्यात चमकतो, बीसीएफ-२० हिरव्यात.

प्रकाश किती मिळतो ते एकदा बोटं मोजून पाहावं. १ मिलिमीटर जाडीच्या फायबरमधून आडवा गेलेला वेगवान इलेक्ट्रॉन साधारण २०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सोडतो. दर दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टला सुमारे ८,००० फोटॉन, म्हणजे आपल्याला १,६०० मिळाले. ते सगळ्या दिशांना जातात. फायबरच्या भिंतींत अडकून एका टोकाकडे निघतात ते साधारण साडेतीन टक्के, म्हणजे पन्नास-पंचावन्न. निळा प्रकाश या प्लॅस्टिकमध्ये सुमारे पावणेतीन मीटरमध्ये एक-तृतीयांशाच्या थोडा वर राहतो, म्हणजे वीस. डिटेक्टरची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर आठ. एवढ्या आठ फोटॉनांवर सारा खेळ चालतो. म्हणूनच इथे फोटोमल्टिप्लायर नळी किंवा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे मोजके फोटॉनही पकडणारा डिटेक्टर, लागतो, आणि म्हणूनच टोकाची पॉलिश नीट नसेल तर पुढची सगळी इलेक्ट्रॉनिक्स वाया जाते.

टोकाचं काम हातानेच करावं लागतं. धारदार ब्लेडने काटकोनात कापायचं, मग पाण्याने ओल्या लॅपिंग फिल्मवर इंग्रजी आठचा आकडा गिरवत घासायचं. आधी भरड, मग ३ मायक्रॉन, मग १, शेवटी ०.३. भिंगातून पाहिलं तर कडेचं वेष्टन सोललेलं नसावं आणि मधे एकही ओरखडा नसावा. ॲसिटोन जवळपासही आणू नका, पॉलिस्टायरीन विरघळतं. शेवटी काळं आवरण. आवरणात सुईएवढं छिद्र राहिलं तरी खोलीतल्या ट्यूबलाइटचा डोस रेट मोजला जाईल.

सिंटिलेटिंग फायबरने जागा कळते का?

दोन्ही टोकांना डिटेक्टर लावले की कळते. मधे कुठेतरी प्रकाश निघाला, तर जवळच्या टोकाला तो आधी पोचतो. जागा १० सेंटिमीटरने सरकली तर दोन टोकांच्या वेळेतला फरक साधारण सव्वा नॅनोसेकंदाने बदलतो. तेवढं मोजायला वेगवान इलेक्ट्रॉनिक्स लागते, पण ती आता मिळते.

याचा फार उपयोगी वापर फुकुशिमात झाला. मार्च २०११च्या अपघातानंतर सीझियम-१३७ जमिनीवर आणि पाणवठ्यांत पसरलं. हातातलं मीटर घेऊन एकेक ठिकाण मोजत बसण्याऐवजी जपानच्या अणुऊर्जा संस्थेने लांब प्लॅस्टिक सिंटिलेशन फायबर वापरून एका दमात अख्ख्या रेषेवरचं प्रदूषण पाहिलं. शेतीच्या तलावांच्या तळाशी साचलेला गाळ तपासायलाही तो पाण्यात सोडला. पाण्यात विजेवर चालणारा डिटेक्टर सोडणं आणि नुसती प्लॅस्टिकची दोरी सोडणं यातला फरक काम करणाऱ्यालाच कळतो.

‘स्टेम इफेक्ट’ म्हणून जे सांगतात ते काय?

काही सेन्सरांत सिंटिलेटर फक्त टोकाला असतो. त्याचा प्रकाश साध्या फायबरमधून येतो खरा, पण त्या साध्या फायबरवरही किरण पडत असतात. त्यातले वेगवान इलेक्ट्रॉन काचेतल्या किंवा प्लॅस्टिकमधल्या प्रकाशापेक्षा जास्त वेगाने धावले की चेरेन्कोव्ह प्रकाश निघतो. अणुभट्टीच्या पाण्यात दिसणारी निळी आभा हीच. ॲक्रिलिकमध्ये इलेक्ट्रॉनची ऊर्जा सुमारे १८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेली की हे सुरू होतं. कोबाल्ट-६०चे १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा त्याहून कितीतरी वेगवान इलेक्ट्रॉन सोडतात. म्हणजे सेन्सर जिथे आहे तिथला डोस आणि वाटेवरच्या फायबरचा डोस एकत्र मोजला जातो. हाच स्टेम इफेक्ट.

उपाय आहेत. सेन्सरशेजारी सिंटिलेटर नसलेला तसाच एक फायबर ठेवून त्याचं रिडिंग वजा करता येतं. पण दोन फायबर दोन मिलिमीटर अंतरावर असले आणि डोस त्या अंतरात झपाट्याने बदलत असला तर वजाबाकी चुकते. त्यापेक्षा रंगावरून वेगळं करणं मला जास्त पटतं: चेरेन्कोव्ह निळ्याकडे जास्त असतो, सिंटिलेटर ठरावीक पट्ट्यात. दोन फिल्टरांतून दोन वाहिन्या वाचल्या की दोन समीकरणं सोडवून सिंटिलेटरचा वाटा काढता येतो.

कॅन्सरच्या उपचारात याचा काय उपयोग?

ब्रॅकीथेरपीत, म्हणजे किरणोत्सर्गी स्रोत शरीराच्या आत नेऊन करायच्या उपचारात, सर्वाधिक. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ॲप्लिकेटर आत बसवून त्यातून इरिडियम-१९२चा तांदळाच्या दाण्याएवढा स्रोत ठरावीक जागी, ठरावीक सेकंद थांबवत नेतात. स्रोत नवा असताना त्याची सक्रियता ३७० गिगाबेकरेलच्या आसपास असते आणि ७४ दिवसांत निम्मी होते.

अडचण अंतराची आहे. स्रोतापासून १० मिलिमीटरवर मोजायचं ठरलं आणि सेन्सर प्रत्यक्षात ११ मिलिमीटरवर बसला, तर वर्गाच्या व्यस्त नियमाने डोस १७ टक्क्यांनी कमी दिसेल. एका मिलिमीटरला एवढा फरक. म्हणून सेन्सर इवलासा हवा, त्याने शरीरातल्या डोसचं वाटप बिघडवू नये आणि त्यात उच्च विद्युतदाब नसावा. प्लॅस्टिक सिंटिलेटर या तिन्ही अटींत बसतो. १ मिलिमीटर व्यासाचे आणि ३ मिलिमीटर लांबीचे सेन्सर तयार मिळतात. प्लॅस्टिकची घनता पाण्याजवळची, त्यामुळे किरणांना तो पेशींसारखाच वाटतो.

उपचार चालू असतानाच आकडा दिसणं ही इथली मोठी गोष्ट. ॲप्लिकेटरची नळी चुकीच्या वाहिनीला जोडली गेली किंवा स्रोत ठरल्या जागी पोचला नाही, तर ते पहिल्या काही सेकंदांत कळावं आणि स्रोत मागे घेता यावा. उपचारानंतर वाचलेल्या बॅजने ती चूक सापडते, टळत नाही.

एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. काही सिंटिलेटरांचा प्रकाश तापमानाने कमी होतो. बीसीएफ-६० या प्रकाराचा तर दर अंशाला सुमारे अर्धा टक्का. एसी लावलेल्या २२ अंशांच्या खोलीत कॅलिब्रेशन केलं आणि सेन्सर ३७ अंशांच्या शरीरात घातला, तर सात-आठ टक्के डोस कमी दिसेल. कॅलिब्रेशन कोमट पाण्याच्या फॅन्टममध्ये (शरीराऐवजी वापरायच्या प्रतिकृतीत) करणं ही साधी गोष्ट आहे, ती टाळू नये.

क्रिस्टल लावून लेझर मारायची पद्धत कशासाठी?

कार्बन घातलेला ॲल्युमिनियम ऑक्साइड हा त्यातला गाजलेला क्रिस्टल. डोस मिळाला की त्यात इलेक्ट्रॉन अडकून राहतात. फायबरमधून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर सोडला की ते सुटतात आणि ४२० नॅनोमीटरजवळ निळा प्रकाश निघतो. डेन्मार्कमधल्या रिसो इथल्या संशोधकांनी यावर भरपूर काम केलं आहे. वाचायच्या वेळी शलाका बंद ठेवता येते, त्यामुळे चेरेन्कोव्हचा त्रास नाही. तोटा असा की ॲल्युमिनियम ऑक्साइड पाण्यासारखा नाही. कमी ऊर्जेच्या गॅमांना तो अवाजवी प्रतिसाद देतो.

ब्रॅग ग्रेटिंग वापरून डोस मोजता येतो का?

मोजतात, पण मी सुचवणार नाही. ग्रेटिंग म्हणजे फायबरच्या गाभ्यात कोरलेल्या सूक्ष्म रेघा, ज्या एकच ठरावीक तरंगलांबी मागे परतवतात. किरणोत्सर्गाने ग्रेटिंगची तरंगलांबी काही दहा पिकोमीटर सरकते आणि मग थांबते. तापमानाने मात्र ती दर अंशाला सुमारे १० पिकोमीटर सरकते. तुम्ही डोस मोजताय की पंखा, हे कळणार नाही. किरणोत्सर्गी जागी तापमान किंवा ताण मोजायला ग्रेटिंग उत्तम.

भारतात याचं कॅलिब्रेशन कसं करायचं?

गॅमा स्रोत स्वतः बाळगता येत नाही, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. बऱ्याच विद्यापीठांत कोबाल्ट-६०चं गॅमा चेंबर, म्हणजे बंद कप्प्यात नमुन्याला किरण देणारं यंत्र, असतं. ते चालवणाऱ्या प्रशिक्षित माणसांच्या मदतीनेच काम करावं. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठाने भंगारात काढलेल्या उपकरणातला कोबाल्ट-६० बाहेर आला आणि एका कामगाराचा जीव गेला, हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

गॅमा चेंबरमध्ये डोस रेट तासाला हजारो ग्रेपर्यंत असू शकतो. तुमचा सेन्सर प्रत्यक्षात तासाला एक ग्रे पाहणार असेल, तर तिथलं कॅलिब्रेशन लागू होईल का, हा पहिला प्रश्न विचारा. फॉस्फरसयुक्त फायबरसाठी बहुधा होतं, जर्मेनियमसाठी होत नाही. शिवाय चेंबरमध्ये वेटोळ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या फेऱ्यांना सारखा डोस मिळत नाही, म्हणून वेटोळं छोटं ठेवा आणि शेजारी ओळखीचा डोसिमीटर ठेवा. नोंदवहीत डोसबरोबर तरंगलांबी, फायबरचा बॅच क्रमांक, तापमान, लेझरची पॉवर आणि किरणोत्सर्ग संपल्यापासून रिडिंगपर्यंतचा वेळ लिहा. लेझरची पॉवर एवढ्यासाठी की जास्त प्रकाशाने काही रंगकेंद्रं पुसली जातात. यातली एक जरी नोंद राहिली तरी सहा महिन्यांनी तो आकडा कुणाच्याच कामाचा नसतो.

लासलगावच्या विकिरण केंद्रासारख्या ठिकाणी फायबर उपयोगी पडेल?

डोसच्या पट्ट्याचं म्हणाल तर चपखल बसतो. तिथल्या ‘कृषक’ केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून साधारण ६० ते ९० ग्रे देतात. २००७पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला कीड-नियंत्रणासाठी किमान ४०० ग्रे लागतात. हे दोन्ही फॉस्फरसयुक्त फायबरच्या सरळ रेषेच्या पट्ट्यात येतात. ४०० ग्रेला मीटरमागे १.६ डीबी, ५ मीटरच्या वेटोळ्याला ८ डीबी, म्हणजे प्रकाश सहाव्या हिश्शावर येतो. एवढा फरक साध्या पॉवर मीटरलाही दिसेल.

अडचण यांत्रिक आहे. पेट्या फिरत्या साखळीवर स्रोताभोवती जातात, त्यांच्यामागे फायबरची शेपटी ओढता येत नाही. सुटी वेटोळी पेटीत कडेला आणि मध्यभागी ठेवून आधी-नंतर वाचणं हा जमण्यासारखा मार्ग आहे. पण प्रस्थापित फ्रिकी डोसिमीटर, ज्यात गॅमामुळे फेरस आयनांचे फेरिक होतात, तो साधारण याच पट्ट्यात काम करतो आणि त्याचा नियम जगभर मान्य आहे. निर्यातीच्या कागदपत्रांवर त्याचाच आकडा जावा. फायबर पेटीतल्या असमान डोसचा अभ्यास करायला ठेवावा.

आमच्या घरातला इंटरनेटचा फायबर किरणोत्सर्गाने खराब होतो का?

नाही. वरचा नैसर्गिक डोसचा हिशोब पाहा. तुमचं नेट अडतंय ते वाकलेल्या पॅचकॉर्डमुळे.

वापरलेला फायबर स्वतः किरणोत्सर्गी होतो का?

कोबाल्ट-६० किंवा सीझियम-१३७च्या गॅमांनी होत नाही. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या केंद्रकात बदल घडवायला त्यांची ऊर्जा फार तोकडी पडते. न्यूट्रॉन असलेल्या जागेतून आणलेला किंवा प्रदूषित गाळातून काढलेला फायबर मात्र तपासल्याशिवाय हातात घेऊ नये.

अंगावरच्या टीएलडी बॅजऐवजी फायबर लावता येईल का?

टीएलडी बॅज म्हणजे किरणोत्सर्गात काम करणारे अंगावर लावतात तो डोस साठवणारा बिल्ला. त्याच्याऐवजी फायबर कायदेशीर नोंदीसाठी चालत नाही. कर्मचाऱ्यांसाठी आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० आहे. ती बॅजवरूनच पाहिली जाते. फायबरचं रिडिंग कितीही सुंदर आलं तरी बॅज काढून ठेवू नका.

कॉलेजच्या प्रोजेक्टला यातलं काय करता येईल, स्रोत नसताना?

बरंच काही. सिंटिलेटिंग फायबरचा एक मीटरचा तुकडा घ्या, अतिनील एलईडीने तो वेगवेगळ्या ठिकाणी चमकवा आणि टोकाला किती प्रकाश येतो ते अंतराच्या आलेखावर मांडा. क्षीणनाची लांबी, म्हणजे किती अंतरात प्रकाश एक-तृतीयांशाच्या थोडा वर उरतो, ती तुमच्या हाताने निघेल. पॉलिश केलेलं आणि न केलेलं टोक यातला फरक त्याच दिवशी मोजा. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर मिळाला तर दोन फायबर एकमेकांवर ठेवून, दोघांत एकाच वेळी ठोका आला तरच मोजायचं असं सर्किट करा. वरून येणारे वैश्विक किरणांचे म्युऑन त्यात सापडतील आणि त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. मोजणी फार सावकाश होईल, म्हणून फायबर एक-एक न घेता शेजारी-शेजारी चिकटवून पट्टी करा आणि रात्रभर चालू ठेवा. काळ्या पडणाऱ्या फायबरकडे वळायचं तर आधी ओटीडीआर वापरायला शिका. शहरातल्या एखाद्या फायबर कंत्राटदाराकडे तो असतो, आणि नीट विचारलं तर तो दाखवतोही.